हिरवा दिवा चालूच होता

शेवगाव,
८ डिसेंबर २०२५

प्रिय गहिनी,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकला असशील. महिन्यातून एकदा तरी आपला फोन होतो, मग नरसूनं पत्र कशाला लिहिलं, असंच मनात आलं असेल. सांगतो. पण मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो हे तुला माहीत आहे, तेव्हा बसून वाच. घरी सगळे बरे आहेत. मनवाला आठवा लागलाय. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटल्यामुळे या वेळी आईच लेकीकडे निघाली आहे. सरोजिनी येत्या रविवारी नाशिकला जाते, ती परत येईल थेट मार्चमध्ये. डिंकाचे लाडू झाले, जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवून झाली. तिचे हात कामात आणि डोळे माझ्यावर असतात. भाजी कुठली, गोळ्या कुठल्या डब्यात, गॅस कसा बंद करायचा, हे सगळं ती मला रोज नव्यानं सांगते, आणि मी रोज तिच्यावर चिडतो.

आता क्लासचं. आपण दोघांनी दोन मशीनवर सुरू केलेला क्लास अजून त्याच गाळ्यात आहे. तू पुण्याला गेलास त्यानंतर मी मशीन चारच्या वर नेली नाहीत. त्यातलं एक नंबरचं मशीन तुझ्या हातचं. पडद्यावर चित्र आणणारं, तू बसवलेलं ग्राफिक्स कार्डसुद्धा अजून तेच. टायपिंगच्या सरावाचं सॉफ्टवेअर त्याच मशीनवर आहे आणि बाकीची तीन त्याच्यावरच चालतात. ते बंद पडलं की क्लास बंद. आणि परीक्षा पंधरा तारखेला.

गेल्या मंगळवारी सकाळी सॉफ्टवेअरवाल्यांचा फोन आला, की आता नवीन विंडोज टाकून घ्या, जुन्यावर आमचं चालणार नाही. परीक्षेच्या तोंडावर हे उद्योग करायचे नसतात हे मी मुलांना पंचवीस वर्षं सांगत आलोय. तरी बसलो. नवीन विंडोजला मशीन चालू होण्याची पद्धतच वेगळी लागते म्हणून बायोसमध्ये, मशीनच्या मुळातल्या सेटिंगमध्ये शिरलो, तिथं काहीबाही बदललं, सेव्ह केलं आणि मशीन परत चालू केलं. पंखे फिरले. कीबोर्डचे दिवे लागले. पडदा मात्र काळाच. मग मॉनिटरवर नुसतं ‘नो सिग्नल’, आणि तेही दोन सेकंदांत गेलं.

सुरुवातीला घाबरलो नाही. केबल बदलली. दोन नंबरचा मॉनिटर आणून लावला. रॅम काढून खोडरबरनं घासली, परत बसवली. कार्ड काढून फुंकर मारून बसवलं. काही नाही. मग म्हटलं, नेमकं काय बदललं ते बघू. तुला आपलं ते लांबडं रजिस्टर आठवतं ना? कुठल्याही मशीनला हात लावायच्या आधी त्यात लिहायचं, हा आपला नियम. मी पान उघडलं. तारीख लिहिलेली होती, ‘मशीन १’ लिहिलं होतं, ‘बदल’ असं लिहून पुढं दोन टिंबं दिली होती. त्यापुढं पान कोरं. मी त्या टिंबांकडे बघत बसलो. तासाभरापूर्वी मीच केलेली गोष्ट, पण मेनू कुठला, ओळ कुठली, काहीच डोळ्यांपुढं येईना.

बुधवारी मुलांना सुट्टी दिली. मदरबोर्डावरची बॅटरी काढायची ठरवली, म्हणजे सगळी सेटिंग पुसून पहिल्यासारखी होतात. काढली, दहा मिनिटं थांबलो, बसवली. पडदा काळाच. आता बोर्डच गेलं असणार, या विचारानं मला जेवण जाईना. गुरुवारी सकाळी मशीन घरी आणलं आणि दुपारी दारातल्या ओट्यावर उजेडात उघडून पुन्हा बॅटरी काढायला घेतली, तर सरोजिनी मेथी निवडता निवडता म्हणाली, “अहो, ही तुम्ही सकाळीच काढून बसवलीत की.” मी म्हटलं, ते काल, आणि तेही क्लासमध्ये. तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. “सकाळी. इथंच. माझ्याकडून वाटी मागून घेतलीत, बॅटरी ठेवायला.” वाटी माझ्या गुडघ्याशीच होती, गहिनी. मी हसलो. म्हटलं, हो गं, पुन्हा करून बघतोय. तीही हसली, पण जुडी तिनं बराच वेळ उचलली नाही.

शुक्रवारी मशीन परत क्लासला नेलं. मुलांना सुट्टीचा निरोप दिला होता, तरी रेश्मा आली. ही रेश्मा म्हणजे पस्तिशीची बाई, नेवाशाच्या बाजूच्या एका खेड्यातून रोज एसटीनं येते. गावात ग्रामपंचायतीत कच्च्या नोकरीवर आहे, आणि टायपिंगचं प्रमाणपत्र मिळालं तर पक्कं करू असं तिला सांगितलंय. दोनदा थोडक्यात नापास झाली. म्हणाली, “सर, मशीन न्हाई तर न्हाई, मी नुसत्या कीबोर्डवर बोटं फिरवत बसते.” आणि खरंच बसली. बंद पडद्यासमोर तिची बोटं चालली होती आणि तो आवाज ऐकून मला लाज वाटत होती. हिच्या नोकरीचं माझ्यामुळे वाटोळं होणार, हे एकच डोक्यात फिरत होतं.

मी पुन्हा बॅटरी काढली. कितव्यांदा ते विचारू नकोस. रेश्मा उठून आली, वाकून मशीनच्या पेटीत बघितलं आणि दबकत म्हणाली, “सर, आत हिरवा दिवा चालूच हाय.” मी म्हटलं, असू दे, तो असतोच. तिनं भिंतीकडे बोट केलं. मग म्हणाली, “तुमीच शिकवलंय न्हवं आमाला, आधी भिंतीतली पिन काढायची म्हनून?”

पिन लावलेलीच होती. मंगळवारपासून मी दर वेळी मशीनचं बटण बंद करत होतो आणि वायर तशीच ठेवत होतो. घरी नेलं तेव्हाही आधी वायर लावून मगच ते उघडलं होतं. बोर्डाला करंट मिळत होता, मग नुसती बॅटरी काढून पुसलं जाणार काय? गहिनी, ज्या दिवशी तू पहिल्यांदा माझ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर दिलास, त्या दिवसापासून मी ही गोष्ट चुकलो नव्हतो. पहिल्या दिवशी मी मुलांना हेच शिकवतो, कीबोर्ड त्यानंतर.

रेश्मानं पिन काढली. हिरवा दिवा विझला. बॅटरी काढून पाच मिनिटं थांबलो, बसवली, पिन लावली, बटण दाबलं. एक बारीक बीप आला आणि पडदा उजळला. रेश्मानं टाळी वाजवली आणि लगेच पदरानं डोळे पुसले. मी आत जाऊन पाहिलं, तर जुन्या पद्धतीनं चालू होण्याची सोय परत आपोआप लागलेली होती. तीच मी मंगळवारी बंद केलेली असणार. तुझं कार्ड त्या जुन्या पद्धतीचं, तिच्याशिवाय त्याला चित्र दाखवताच येत नाही. एवढंच होतं. कुणीही दहा मिनिटांत ओळखलं असतं. मीही ओळखलं असतं.

इथवर वाचून तू म्हणशील, मग झालं की, चूक कुणाकडून होत नाही. मीही स्वतःला तेच सांगत होतो. पण सगळं पुसलं गेलं की मशीन तारीख विसरतं. पडद्यावर १ जानेवारी २०१३ होतं आणि आजची तारीख टाकायची होती. मी कीबोर्डवर हात ठेवला. साल जरा थांबून आठवलं. महिना येईना. बाहेर रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, माझ्या अंगात स्वेटर होता, हे सगळं मला दिसत होतं, पण त्यावरून महिना जुळेना. मागं रेश्मा उभी होती. किती वेळ गेला, ठाऊक नाही. मग मी खुर्ची सरकवून म्हटलं, “रेश्मा, तूच टाक. तेवढीच शिकशील.” तिनं बारावा महिना टाकला, पाच तारीख टाकली, मोबाईलवर बघून वेळ लावली. मी तिच्या बोटांकडे बघून ते पाठ करत होतो.

त्या दिवसापासून बॅच सुरळीत चालू आहे. रेश्माचा वेगही वाढलाय. मी सरोजिनीला काही बोललो नाही. बोललो तर ती रविवारी गाडीत बसणार नाही, आणि तिकडे मनवा एकटी पडेल. नाही बोललो तर मार्चपर्यंत मी या घरात एकटा, गॅस आणि गोळ्यांसकट. तीन रात्री हाच हिशेब मांडतोय, तो सुटत नाही. नगरला मेंदूच्या एका डॉक्टरांची या गुरुवारची, ११ तारखेची, सकाळी अकराची वेळ घेतली आहे. माझ्याबरोबर तू चल. आत गेल्यावर ते विचारतील त्यातलं मी किती खरं सांगतो आणि किती हसून नेतो, हे तुझ्याइतकं कुणाला कळणार नाही. तिथून आपण दोघं शेवगावला येऊ आणि सरोजिनीला समोर बसवून सांगू. मला एकट्याला ते जमणार नाही. आणि फोन न करता पत्र का, तर गहिनी, फोनवर तुला हे सांगितलं की नुसतं सांगायचं ठरवलं, याची दुसऱ्या दिवशी मला खात्री राहिली नसती. हे पत्र वेळेत मिळावं म्हणून कुरिअरनं पाठवतोय, आणि त्याची झेरॉक्स काढून माझ्या शर्टाच्या खिशात ठेवली आहे. तू आलास आणि मी ‘कसला डॉक्टर’ म्हणालो, तर ती काढून मला वाचायला दे.

तुझाच,
नरसू