डाव्या चाकाचा ब्रेक

प्रिय भिंगरी,

फोन केला की तू ‘बरी आहे’ एवढंच म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून आज शिवणाचं मशीन बाजूला सारून लिहायला बसले. खांदा कसा आहे? जड काही उचलू नकोस, नाहीतर उचलशील, तुझा काय भरवसा! इकडे सगळं ठीक आहे असं लिहिणार होते, पण खोटं लिहायला माझा हात वळत नाही. मी फार घाबरले आहे गं.

तो दिवस अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. मी धावपट्टीच्या कुंपणाला टेकून उभी होते. तुझं विमान इतकं अलगद खाली येत होतं की शेजारच्या बाईंना मी ऐटीत सांगितलं, चालवणारी माझी मुलगी आहे. चाकं टेकली मात्र, विमान डावीकडे गर्रकन फिरलं, पंख घासला आणि ते नाकावर उभं राहिलं. मी कुंपण कसं ओलांडलं ते मला आजही सांगता यायचं नाही.

चौकशीत काय निघालं ते तुला पाठच आहे. डावा टायर एकाच जागी घासून चपटा झालेला, म्हणजे चाक टेकायच्या आधीपासूनच तो ब्रेक दाबलेला होता. पायांनी दाबायचे ते ब्रेक चालवणाऱ्यापुढेही असतात आणि शिकवणाऱ्यापुढेही. तुझ्या शेजारी शिकवायला बसलेल्या बाबांनी सांगितलं, ‘माझे पाय खाली तळाला टेकलेले होते.’ इतकी वर्षं शिकवणाऱ्या माणसाच्या शब्दावर कोण शंका घेणार? नवशिकीचाच पाय, असं ठरलं, आणि तूही मान डोलावलीस. तेव्हापासून तू आकाशाकडे बघतसुद्धा नाहीस. पण एक लक्षात ठेव, बाबा खोटं बोलले नाहीत. मी शिवलेला शर्ट बिघडला तर गिऱ्हाइकासमोर सांगणारा माणूस तो!

गेले काही महिने त्यांची एक चप्पल दारात राहायची आणि हे एकाच चपलेवर घरभर फिरायचे. मी हसायचे, म्हातारे झालात म्हणून चिडवायचे. मग एक दिवस फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले, माझ्या मशीनपासून थेट पुढच्या खोलीपर्यंत. बाबाच मला विचारत होते, कोणाला लागलंय? माझी टाचणी त्यांच्या तळव्यात डोक्यापर्यंत रुतली होती. मी ती उपसून काढली तरी त्यांना कळलं नाही; तळवा पार बधिर. त्यांची साखर वाढलेली असते हे आपल्याला माहीत आहे, पण दरवर्षीच्या तपासणीत डोळे बघतात, रक्तदाब बघतात. तळव्याला टाचणी लावून कोण बघतंय?

काल ते गाडी सुरू करून बसले होते आणि मी मागे फाटक उघडत होते. मागच्या ब्रेकच्या दिव्यांचा लाल उजेड भिंतीवर पडला होता. मी ओरडून म्हटलं, ब्रेकवरचा पाय काढा. ते म्हणाले, कधीच काढलाय, पाय खाली आहे. दिवे लालच. मी पुन्हा सांगितलं, तर वैतागले, मला शिकवू नकोस म्हणाले. दिवे तसेच जळत होते आणि मी फाटक धरून उभी होते.

रविवारी तुला पुन्हा विमानात बसवायचं, स्वतः शेजारी बसायचं आणि लेकीची भीती मोडायची, असा त्यांचा बेत आहे. तू हो म्हणालीस हे सांगताना त्यांना आनंद मावत नव्हता. म्हणून हे पत्र. त्यांच्या शेजारी बसू नकोस. तो पाय तुझा नव्हता, पोरी. तू उड, खुशाल उड. मी आज त्यांना न सांगता बाबा शिकवतात त्या फ्लाइंग क्लबच्या डॉक्टरांकडे जाऊन सगळं बोलून आले. शुक्रवारी पाय तपासायला त्यांना बोलावलंय, आणि तोवर विमानात कोणाच्याच शेजारी बसू देणार नाहीत. बाबांना वाटतंय, नेहमीचीच तपासणी. शुक्रवारी ते घरी येतील तेव्हा त्यांना कळलेलं असेल की आपल्या लेकीला आपणच पाडलं. त्याआधी ये. ते आले की दार तू उघड. माझी हिंमत होत नाही.

वाट बघणारी, तुझीच,
आई