गाळपघरातली शांतता

२ डिसेंबर १९३६

मोठे साहेब, मोहनराव, आज गाळपघरात येऊन गेले. म्हणाले, "सगळ्या कारखान्यात तुमचंच खातं शांत. कुरकुर नाही, तक्रार नाही. माणसं कशी सांभाळावीत हे बाकीच्यांनी तुमच्याकडून शिकावं."

मान खाली घालून उभा राहिलो. त्यांना तो विनय वाटला.

४ डिसेंबर

लिहूनच टाकतो. दहा महिने झाले, कुठंच लिहिलेलं नाही.

मागच्या हंगामात, फेब्रुवारीत, तात्याबा गेला. बावड्याचा. चाळिशीतला, कमी बोलणारा. ऊस वाहून नेणाऱ्या साखळीशेजारी फळीवर उभा राहून काठीनं ऊस चरकाच्या लोखंडी लाटांकडं लोटायचा. आदल्या दिवशी सगळ्यांदेखत मला म्हणाला, "साहेब, फळी हालतिया. यकदा बघाया पायजे."

मी म्हणालो, "तुला ऊस लोटायला ठेवलंय, फळ्या तपासायला नाही. भीती वाटत असेल तर घरी बस."

दोघंतिघं हसले. तात्याबाही हसला.

दुसऱ्या दिवशी फळी मोडली. तो साखळीवर पडला, साखळीनं त्याला लाटांपर्यंत नेलं. यंत्र थांबेपर्यंत सगळं संपलं होतं.

अहवाल मीच लिहिला — कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात. अठरा माणसांनी आदल्या दिवशीचं बोलणं ऐकलं होतं. एकानंही तोंड उघडलं नाही. तेव्हापासून कुणीच काही बोलत नाही. मोहनरावांना आवडली ती हीच शांतता.

७ डिसेंबर

मी आत गेलो की बोलणी तुटतात. नवी फळी चांगली जाडजूड आहे, तरी तिच्याकडं बघवत नाही. यंत्राच्या घरघरीत कुणीतरी "साहेब" म्हणतं. वळतो, तर सगळ्यांच्या माना खाली.

९ डिसेंबर

वाफेच्या नळाचा सांधा तीन दिवस गळतोय. मला आज दिसला. मुकादम सावळारामला विचारलं, सांगितलं का नाहीस?

"तुमी इचारलं न्हाय." मग नळाकडं बघत, "आन् सांगून काय हुतंय, ते बघितलंय आमी."

जिभेवर आलेलं गिळलं. "खरं आहे," एवढंच म्हणालो. तो माझ्याकडं बघतच राहिला.

१५ डिसेंबर

हल्ली पाळी सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं माणसांत जाऊन उभा राहतो. विचारतो — कुठं काय बिघडलंय? चार दिवस कुणी हूं की चूं केलं नाही. आज अंथुर्ण्याचा रामहरी म्हणाला, "जिन्यावर त्याल सांडतंय साहेब, पाय घसरतोय." तिथल्या तिथं पुसून घेतलं, वाळू टाकली. बाकीचे बघत होते. वाळूकडं नाही, माझ्या चेहऱ्याकडं.

२८ डिसेंबर

दोघं आज माझ्यासमोर भांडले. मोठ्यानं. बरं वाटलं.

६ जानेवारी १९३७

सावळारामनं कुणाला न विचारता यंत्र थांबवलं. म्हणे लाटेचा आवाज निराळा येतोय. उघडून बघितलं, काहीच नव्हतं. तासभर गाळप बंद. मोहनराव तणतणत आले. सावळारामचा चेहरा पांढराफटक. आणि सगळ्यांच्या नजरा माझ्यावर — तात्याबा फळीचं बोलला त्या दिवशी होत्या तशाच.

"पुन्हा शंका आली तर पुन्हा थांबव," मी म्हणालो. मोहनरावांसमोरच.

दुपारी गाळपघरात नुसता गलका. चेष्टा, हाका, कुणाची तरी लावणीची ओळ. मी बाहेर चिपाडाच्या ढिगामागं जाऊन बसलो. एक वाक्य लागलं. मागच्या वर्षीही एकच लागलं असतं.

११ जानेवारी

दुसरा अहवाल लिहिला. फळीबद्दल तात्याबानं आदल्या दिवशी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. खाली सही केली.

मोहनराव वाचून म्हणाले, "वर्ष होत आलं. आता कशाला उकरून काढता? आता कुठं तुमच्याकडं सगळं सुरळीत चाललंय."

"म्हणूनच," मी म्हणालो.

"नोकरी जाईल."

कागद त्यांच्या टेबलावर ठेवून आलो.

१३ जानेवारी

महिनाअखेरीस मला कामावरून मोकळं करणार आहेत. सावळारामला आधीच कळलं होतं. माझ्याबरोबर फाटकापर्यंत चालत आला.

मी शिव्या खायला तयार आहे. तात्याबाच्या बायकोसमोर, ठमाबाईंसमोर गेल्याशिवाय मात्र इथून हलायचं नाही. त्यांनी मारलं तरी चालेल. एवढे दिवस मी स्वतःला सांगत आलो की तात्याबा मला भिऊन गप्प बसला, भीतभीतच त्या फळीवर चढला.

१७ जानेवारी

बावड्याला गेलो. ठमाबाईंना सगळं सांगितलं — फळी, माझं बोलणं, खोटा अहवाल. त्या भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही.

"आदल्या सांजंला जेवताना म्हनलं हुतं त्येनी," त्या म्हणाल्या. "फळीचं साहेबास्नी सांगितलंय. तोंडानं तापट हायेत, पर बघत्याल ते."