खिडकीतले आठ दिवे

उमरखाडी, मुंबई
ता. १२ नोव्हेंबर १९४२

प्रिय सरला हिस रिबकाचा सप्रेम सलाम, वि. वि.

दिनाला फ्रॉक आखूड झाल्याचं वाचून बरं वाटलं. पोरगी तुझ्याकडे अंग धरते आहे. नर्सिंग शिकताना तुझ्या स्वयंपाकाला मी जी नावं ठेवली, ती सगळी परत घेते. वहिनी गेलेली, दादा पलटणीच्या दवाखान्याबरोबर इराकात, आणि मुंबईवर केव्हा बाँब पडतील याचा नेम नाही. अशा वेळी माझ्या भाचीला तू हिंगोलीला नेलंस, हे मी विसरणार नाही.

पण आईचं डोकं फिरलं आहे. दिनाने मागच्या पत्रात तुमच्या ख्रिस्ती देवळातलं एक गाणं लिहून पाठवलं. आईने ते दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाली की नात बाटली. मी पुष्कळ समजावलं की सरला आणि शांतवनराव तसली माणसं नाहीत. तिचा एकच हट्ट: दिनाचा हनुक्का, आमचा यहुद्यांचा दिव्यांचा सण, तिथे झाला तर पोर तिथे राहील, नाहीतर जानेवारीत मामेभाऊ येऊन तिला मुंबईला परत आणील. बाँबचं तिला काही वाटत नाही, धर्माचं वाटतं.

अवघड काही नाही. यरुशलेमचं मंदिर पुन्हा शुद्ध केलं तेव्हा एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरलं, त्याची ही आठवण. पहिल्या संध्याकाळी एक दिवा, मग रोज एक वाढवत आठ. पेटवायला एक वेगळा. रस्त्यावरच्या खिडकीत ठेवायचे. दिवे लावताना दिना प्रार्थना म्हणेल, तिला पाठ आहे. सण हिवाळ्यात महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी सुरू होतो. वॉर्डाची घंटा झाली, पळते.

शांतवनरावांना सलाम. लोभ वाढव म्हणत नाही, आहे तेवढा सांभाळ.

तुझी,
रिबका

*

हिंगोली
ता. १६ डिसेंबर १९४२

प्रिय रिबका हिस सप्रेम सलाम, वि. वि.

आम्ही प्रभुकृपेने खुशाल आहोत. तयारी चालली आहे. आईंना सांग की सण होणार म्हणजे होणार.

पणत्या आणायला गेले तर कुंभाराची रूपाबाई विचारत बसली की दिवाळी तर होऊन गेली, आता पणत्या काहून पायजेत. तिला सगळी हकीकत सांगितली, तेव्हा एक पणती जास्तीची देऊन म्हणाली की लेकराच्या देवाचं हाय तर न्या. खोबरेल इकडे मिळत नाही, करडईचं तेल चालेल ना?

अडचण एकच आली. तुमची पंचवीस तीच आमची पंचवीस! नाताळला आमच्या खिडकीत कागदी तारा लागतो. रस्त्यावर खिडकी एकच, आणि संध्याकाळी गाणारी मंडळी चहाला आमच्याकडेच येतात. मी ह्यांच्यापुढे रडकुंडीला आले. हे दवाखान्यात कंपाउंडर, प्रत्येक गोष्ट मापात बघतात. खिडकी मापून म्हणाले की दोन्ही मावणार नाहीत, तारा मागच्या दाराला लावू. आमच्या देवळाच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांना ते कळलं. ते घरी येऊन म्हणाले की नाताळच्या दिवशी ख्रिस्ती घरात यहुदी दिवे शोभत नाहीत. ह्यांनी शांतपणे सांगितलं की ज्याचा वाढदिवस आहे, त्याच्या आईच्या घरी हेच दिवे लागत असतील. वडीलधारे चहा न घेताच गेले. साखर वाचली.

खरं सांगू? आम्हाला मूलबाळ नाही, हे तू जाणतेसच. सकाळी दिनाची वेणी घालताना जानेवारीचा विचार आला की माझा हात थांबतो. आईंच्या पाया पडून सांग, दिवे लागतील.

तुझी मैत्रीण,
सरला

*

हिंगोली
ता. २७ डिसेंबर १९४२

प्रिय रिबका हिस स. न. वि. वि.

दिवे लागले. गाणारी मंडळी आली, तेव्हा दिना खिडकीपाशी उभी होती. ती सगळी रस्त्यावर थांबली, पेटी बंद केली, पणती नीट पेटल्यावर मगच आत आली.

पण तुझ्यापासून लपवत नाही. दिनाने प्रार्थना म्हटली नाही. काल म्हणेल वाटलं, कालही नाही. आम्ही दोघं मागे हात जोडून उभे होतो. ती पणती पेटवते, बघत राहते आणि वळून मला बिलगते. आठ महिन्यांत पोर प्रार्थना विसरली, आणि ते माझ्या घरात झालं. मी विचारायला धजले नाही. आता आईंनी तिला बोलावून घेतलं तर मी कोणत्या तोंडाने नको म्हणू? तिचे कपडे धुऊन ठेवते आहे.

चुकलंमाकलं पोटात घालावं.

सरला

*

उमरखाडी, मुंबई
ता. ४ जानेवारी १९४३

प्रिय सरला हिस सप्रेम सलाम, वि. वि.

कपडे पेटीतून बाहेर काढ.

चूक माझी. आमचे महिने चंद्राचे. ती पंचविसावी आमच्या किसलेव महिन्याची. औंदा सण तीन डिसेंबरच्या संध्याकाळी लागला आणि तुझं सोळाचं पत्र इथे पोचलं तेव्हा संपूनही गेला होता. घाईत मी महिन्याचं नाव लिहिलंच नाही. हिवाळ्यातली पंचवीस म्हटल्यावर तुमच्या घरात दुसरं काय कळणार?

मी तार करायला निघाले होते. आईने अडवलं. कलकत्त्यावर बाँब पडल्याची बातमी नुकतीच आली होती, ती त्यानेच हबकली असेल असं मला वाटलं. ती तुझं पत्र हातात घेऊन बसली आणि म्हणाली की ह्या बाईला एकच खिडकी आहे, ती तिने आपल्या सणाच्या दिवशी माझ्या नातीला दिली, तिला चूक कळवू नकोस. पंचवीस तारखेपासून आठही संध्याकाळी आईने इथे पुन्हा दिवे लावले, काळा कागद लावलेल्या खिडकीच्या आत. प्रार्थना मात्र म्हटली नाही. दिवस खरा नसला तर ती म्हणायची नसते. नात तिकडे एकटी नको, म्हणून नुसती बसून राहिली.

मग तुझं सत्तावीसचं पत्र आलं. प्रार्थना म्हटली नाही, एवढं वाचलं आणि आई हसत सुटली, डोळ्याला पदर लावून. म्हणाली की पोर काही विसरलेली नाही. मामेभावाला नको म्हणून कळवलं आहे. लढाई संपेपर्यंत दिना तुझी.

तिला जवळ घे.

तुझी,
रिबका

*

हिंगोली
ता. १३ जानेवारी १९४३

ती. आजीस दिनाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आत्याचं पत्र वाचून सरलामावशी खूप रडली. काका म्हणाले की आता रडायचं काय कारण, आणि स्वतः नाक पुसलं.

मला माहीत होतं, आजी. आपला सण चंद्र झिजत आला की येतो, हे तूच मला गच्चीवर दाखवलं होतंस. पंचवीस तारखेच्या आधी तीन दिवस शेजारच्या द्वारकाबाईंकडे दत्तजयंतीचा प्रसाद होता. दत्तजयंती पौर्णिमेला असते, म्हणजे पंचवीसला चंद्र अजून झिजलाच नव्हता. म्हणून मी दिवे लावले, पण प्रार्थना म्हटली नाही.

मावशीने विचारलं की मग सांगितलं काहून नाहीस. आजी, तिने आपला तारा काढून मागच्या दाराला लावला होता, तिथे म्हशीशिवाय कुणी बघत नाही. मग मी कसं सांगणार?

तुझी नात,
दिना