तुमचं म्हणणं शिरसावंद्य

३ जानेवारी, सकाळी ७
या वर्षी नगरसेवकपदाचं तिकीट घ्यायचंच. पंधरा वर्षं पक्षाच्या सतरंज्या उचलल्या. अध्यक्ष म्हणतात, प्रतापराव, तुम्ही सोशल मीडियावर नाही आणि तेलुगू मतदार तुम्हाला ओळखत नाहीत. दोन्ही कामं एका पोस्टमध्ये उरकतो.

सकाळी ११
पोस्ट तयार. मूळ मराठी: तुमचं म्हणणं मला शिरसावंद्य. तेलुगू स्वतः केलं. मुलीला, माधवीला विचारणार होतो, पण ती कुकटपल्लीच्या ऑफिसात मीटिंगमध्ये. शिवाय चाळीस वर्षं हैदराबादच्या सुलतान बाजारात कापडाचं दुकान दख्खनी हिंदीवर चालवलेल्या माणसाला तेलुगू काय अवघड? शेवटी ‘लु’ लावलं की अनेकवचन. बसलु, कारलु. ‘चेप्पु’ म्हणजे सांग. लोकांना सांगायचं पुष्कळ असतं, म्हणून चेप्पुलु. ‘मी’ म्हणजे तुमचं, ‘ना’ म्हणजे माझं, ‘तल’ म्हणजे डोकं, ‘मीद’ म्हणजे वर.
मी चेप्पुलु ना तलमीद.
सोबत हात जोडलेला फोटो. टाकली.

दुपारी ४
एक्केचाळीस हजार लोकांनी पाहिली! तिकिटासाठी धडपडणाऱ्या नामदेवरावांच्या मागच्या पोस्टला सतरा लाइक होते. हसऱ्या इमोजी बऱ्याच. जनता खूश दिसते.

संध्याकाळी ६
माधवीचा फोन. चेप्पुलु म्हणजे चपला. ‘तुमच्या चपला माझ्या डोक्यावर’ असं मी जाहीर लिहून बसलोय. लगेच काढा म्हणाली. मी सांगितलं, पोस्ट मागे घेणारा उद्या शब्दही मागे घेईल. काढणार नाही.
जेवण गेलं नाही. पित्त असावं.

५ जानेवारी
दुकानाच्या पायरीवर सकाळी चपलांचे सहा जोड. वर चिठ्ठी: डोक्यावर घ्या. नामदेवरावांनी पोस्ट सगळ्या ग्रुपवर पाठवली, खाली नमस्काराचं चिन्ह. घाबरणारे आम्ही नव्हे. विचार केला, आपल्यात पादुका मस्तकी धरतातच. म्हणजे चूक नव्हतीच, अर्थ खोल होता.
सहांतला बरा जोड पुसून डोक्यावर ठेवला आणि बायकोला, इंदूला, फोटो काढायला सांगितलं. नक्की ना, असं तिने दोनदा विचारलं. फोटो हलला. एका हाताने तिने तोंडाला पदर लावला होता. भावना अनावर झाली असावी. टाकला.

६ जानेवारी
अध्यक्षांचा फोन. ‘हौला हो गए क्या मियाँ’ म्हणाले. हौला म्हणजे वेडा, पण हैदराबादेत आपल्या माणसालाच हौला म्हणतात. जवळीक वाढली. पुढे म्हणाले, दोन्ही पोस्ट आजच काढा, माफी मागा, मग तिकिटाचं बघू.
ठणकावून नाही म्हटलं. इंदूने विचारलं, पंधरा वर्षांची मेहनत एका लु-पायी घालवणार का? हा तत्त्वाचा प्रश्न आहे, असं मी सांगितलं. ती भाजी निवडत राहिली.

९ जानेवारी
दोनशे बारा जोड झाले. काही चपला एकेकट्याच. इंदूने पोत्यात भरायला घेतल्या. इतका लोकसंपर्क या वॉर्डात कुणाचाच नसेल.
त्यात एक ओळखीचा जोड निघाला. धाकटा भाऊ विकास याला दिवाळीत मीच घेऊन दिला होता. चुकून आला असेल. फोन केला नाही.

१४ जानेवारी, संध्याकाळी
उमेदवारांची यादी लागली. नामदेवराव.
आपण खचलो नाही हे दाखवायला मुद्दाम नामपल्लीच्या पक्ष कार्यालयात गेलो. सगळे फार गोड बोलले. चहा दिला. सतरंजीवरून उठून बाहेर आलो तर माझी चप्पल नाही. कुणी पाहिली नव्हती. सगळे छताकडे बघत होते.
अनवाणी सुलतान बाजारापर्यंत आलो. वाटेत एका ऑटोवाल्याने ओळखलं, वेग कमी केला आणि विचारलं, ‘चेप्पुलु एक्कड?’ चपला कुठे, हे या वेळी लगेच समजलं.
इंदू दारातच होती. तिने पोतं उघडलं आणि विकासचा जोड काढून माझ्यापुढे ठेवला. बरोबर बसला.
मग माधवीला फोन केला आणि पोस्ट कशी काढतात ते विचारलं. ते मला पहिल्या दिवसापासून येत नव्हतं. ती हसली नाही. एकेक बटण सावकाश सांगत गेली.