बोकडाचं हृदय आणि काळी रेघ

३ ऑक्टोबर, नांदेड
परत कोरी! तपासणीच्या पट्टीवर एक रेघ नाही. पांढरी स्वच्छ, धुतलेल्या धोतरासारखी. उज्वला मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या पीएच.डी.च्या गाइड आहेत, तेवढा हक्क आहे त्यांना. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "लुंबिनी, दिवाळीपर्यंत बघ. नाहीतर विषय बदलू."
विषय बदलू! जणू साडीच बदलायची आहे.

५ ऑक्टोबर, कंधार
घरी आले. पप्पा ड्युटीवरून आले, कंडक्टरची बॅग खुंटीला लावली आणि विचारलं, "नेमकं काय शोधून राहिलीस तू?"
सांगितलं. पेशीत मायटोकाँड्रिया असतात. त्या चुली समजा. चुलीतली प्रथिनं राबतात म्हणून आपल्याला ताकद मिळते. कधीकधी त्या प्रथिनांवर ॲसिटिलची बारीकशी खूण चिकटते. चिकटली की प्रथिन सुस्तावतं. मग दुसरं एक प्रथिन येतं, ती खूण पुसतं, आणि पहिलं पुन्हा कामाला लागतं. खूण असली की पट्टीवर काळी रेघ उमटते. मला बघायचंय, रानात हिंडणाऱ्या बोकडाच्या हृदयात या खुणा कमी असतात का, आणि दावणीला बांधलेल्याच्या जास्त.
पप्पा म्हणाले, "म्हंजे बसून खाणाऱ्याला गंज चढतो का, एवढंच ना?"
"हाव."
"मग बोकड कशाला? डेपोत ये. आमचे साहेब दाखवतो."
आई एवढी हसली की तव्यावरची भाकर करपली. तीच मला वाढली!

९ ऑक्टोबर
पुन्हा रेणापूरला जाऊन नमुने आणले. तिथले जनावरांचे डॉक्टर रविकिरण खाटकाकडची जनावरं तपासतात. कुठला बोकड हिंडणारा, कुठला बांधलेला हे मालकाला विचारून ठेवतात. बोकड बाजारात जाणारेच असतात. मी फक्त हृदयाचा तुकडा घेते, बर्फाच्या डब्यात घालते आणि बस पकडते.
त्यांच्या आई, चतुराबाई, दवाखान्यामागेच राहतात. आज पहिल्यांदाच भेटल्या. त्यांनी विचारलं, "कुणाची गं तू?"
"कंधारच्या संघपाल कंडक्टरची. आम्ही बौद्ध." मी आधीच सांगून टाकते. नंतर कुणाचा चेहरा बदलताना बघायला नको.
त्या तडक आत गेल्या. मी चप्पल पायात सरकवली. तर ताट घेऊन बाहेर! "उभ्यानं काय बोलतीस? बस. जेवल्याबिगर गाडी सुटत न्हाई." रविकिरणच्या शेजारीच बसवलं. शेंगदाण्याची चटणी लई तिखट. डोळ्यांत पाणी आलं. चटणीनंच.
बसमध्ये शेजारच्या मावशी म्हणाल्या, "डब्यात काय हाय?"
"बोकडाचं हृदय."
"भाजणार का रस्सा?"

१६ ऑक्टोबर
कोरी.

१९ ऑक्टोबर
सापडलं!! बहुतेक सापडलं. घाईत लिहितेय, अक्षर बघ कसलं आलंय.
सकाळी जुन्या पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या. प्रथिनं मोजायची जी वेगळी पट्टी असते, तिच्यावर रेघा ठसठशीत आहेत. म्हणजे प्रथिनं नांदेडला पोचतात. फक्त त्यांच्यावरची खूण पोचत नाही! कारण खूण पुसणारं प्रथिनही त्याच डब्यात बसलेलं असतं. बोकड मेला हे त्याला कुणी सांगितलंय? मी लातूर रोडवर डुलक्या घेते आणि तो कामसू प्राणी मागे बसून सगळं पुसत येतो. बर्फानं तो सुस्तावतो, थांबत नाही.
रविकिरणला फोन केला. "तिथल्या तिथं दगडासारखं गोठवायला पाहिजे. द्रवरूप नायट्रोजन लागेल. रेणापुरात कुठून आणायचा?"
पलीकडे हसू.
"लुंबिनी, गाई भरवायच्या वीर्याच्या कांड्या मी कशात ठेवतो? माझ्या टेबलाखाली नायट्रोजनचा कॅन हाय की! तुम्ही दर वेळी त्याच्यावर पाय ठेवून बसता."
खरंच बसते.

२१ ऑक्टोबर
मॅडमना सांगितलं. त्या उठून उभ्याच राहिल्या. "तुकडे वाटताना द्रावणात निकोटिनामाइडही घाल. पुसणाऱ्याचे हात बांधले जातील." ब जीवनसत्त्वाच्या घरातलं साधंसं औषध! आपल्या कपाटातच होतं.

२८ ऑक्टोबर
रविकिरण स्वतः कॅन घेऊन आले. मित्राच्या जीपमध्ये, गॅस कोंडू नये म्हणून खिडक्या उघड्या टाकून, कॅन दोरीनं करकचून बांधलेला. डोक्यापासून पायापर्यंत धूळ. झाकण उघडल्यावर पांढरा धूर जमिनीवर पसरला तशी सगळी लॅब गोळा झाली. हृदयाचे तुकडे खडखड वाजत होते.
मी म्हटलं, "कुणाच्या हाती पाठवायचा ना."
"कॅन नाजूक असतो," म्हणाले. आईनं दिलेली चटणी ठेवली आणि चहा न घेताच गेले. विचित्र माणूस.

३० ऑक्टोबर
रेघ! रेघ! रेघ!
बांधलेल्या बोकडांची काळीभोर. हिंडणाऱ्यांची फिकट, पण आहे! मॅडमनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. मग मला घट्ट मिठी मारली. मॅडमनी!
पप्पांना फोन लावला तर गाडी भरलेली. त्यांनी तिथंच घंटी वाजवली आणि ओरडले, "माझ्या पोरीला रेघ दिसली!" मला फोनवर सगळं ऐकू येत होतं. कुणीतरी विचारलं, "कशाची?" पप्पा म्हणाले, "बोकडाच्या काळजातली!" क्षणभर कुणालाच कळेना. मग टाळ्या. कळलं नाही तरी टाळ्या! कंधारची माणसं आहेत.

१८ नोव्हेंबर
नवीन बोकड, तोच निकाल. पण एक पठ्ठ्या हट्टी. हिंडणारा म्हणून नोंदवलेला आणि रेघ मात्र काळीकुट्ट. मॅडम म्हणाल्या, "तोही लिहायचा. लपवायचा नाही."
रविकिरणना विचारलं. ते मोटारसायकल काढून मलप्पांच्या वस्तीवर गेले, बोकड त्यांचा होता. मलप्पा म्हणाले, "त्यो? त्याचा पाय मुरगळला हुता. म्हैनाभर बाभळीखालीच बसून हुता की!"
मी लॅबमध्ये एकटीच नाचले. एकटी नव्हते, असं नंतर कळलं.

२ डिसेंबर
मॅडमनी लेखाचा पहिला खर्डा मागितला. विषय बदलायचं नावही नाही. लेखकांच्या नावांत रविकिरणचंही नाव घातलं. पहिलं पान त्यांना मोबाइलवर पाठवलं, तर लगेच फोन आला. "काय झालं?" तर म्हणे, "काही न्हाई. दोन नावं एका ओळीत वाचून पाहिली."
कसलं वाचन!

८ डिसेंबर, रेणापूर
शेवटचे नमुने न्यायला आले. रविकिरण गाय बघायला गेलेले. चतुराबाईंनी हाताला धरून आत नेलं, समोर बसवलं.
"माझ्या लेकानं मला समदं सांगितलंय. तुला इचारलं का त्यानं?"
"काय?"
"न्हाई इचारलं म्हंजे. त्यो आसाच, गुरांशी बोलतो, मानसांशी न्हाई. मंग म्याच इचारते. येतीस का आमच्या घरात?"
"पण मी…"
"पयल्याच दिशी सांगितलंस की. मला ऐकू येतं."
मी हाव म्हणाले. विचार करायलाही थांबले नाही!