दुसरी सही

४ जून, सकाळी
आजपासून रोज लिहायचं. उद्या चळवळ उभी राहिली की कुणीतरी विचारणारच, सुरुवात कशी झाली म्हणून. तेव्हा शोधाशोध नको.

परिस्थिती: दुपारच्या पाळीला खाली पुरुष वॉर्डात मी एकटा. वर महिला वॉर्डात मोठ्या सिस्टर एकट्या. प्रत्येकी छत्तीस खाटा. मावशी दोघांत एक, ती कायम हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये चहा पोचवायला. ज्या रुग्णाला हलता येत नाही त्याची कूस दर दोन तासांनी बदलायची आणि ती दोन नर्सनी मिळून, असा नियम आहे. तक्त्यावर सह्यांचे दोन रकाने आहेत. दुसरा कोरा राहतो. महिनाअखेरीला मेट्रन मॅडम कोरे रकाने मोजतात आणि मेमो आम्हालाच देतात.

मोठ्या सिस्टरांची कंबर कामातून गेली आहे. रिटायर व्हायला आठ महिने आहेत. मॅडमनी त्यांना पुढच्या महिन्यापासून इंजेक्शन रूम कबूल केली आहे. तिथे खुर्ची आहे.

संकल्प: प्रत्येक वॉर्डला दुसरी नर्स. महिनाभरात.

५ जून
मॅडमशी स्पष्ट बोलणार होतो. त्यांचा मूड बरा दिसला नाही. पुढाऱ्याला वेळ ओळखता आली पाहिजे.

६ जून
मूड फारच चांगला होता. उगाच कशाला घालवा.

७ जून
युनियनच्या सेक्रेटरींना भेटलो. ते एक्स-रे विभागात असतात. म्हणाले, युनियन खंबीरपणे तुमच्या मागे आहे. पुढे कोण आहे, असं विचारलं तर माझ्याकडेच बघत राहिले.

पॅन्ट्रीत मतं घेतली. ऑपरेशन थिएटरवाली म्हणाली, युनियन फक्त वर्गणीच्या वेळी दिसते. लहान मुलांच्या वॉर्डातली म्हणाली, मॅनेजमेंट आईबापासारखं असतं, भांडून काय मिळणार. कॉन्ट्रॅक्टवाली म्हणाली, माझं कॉन्ट्रॅक्ट सप्टेंबरात संपतंय, मी काहीच बोलले नाही असं लिहा. लिहिलं.

मोठ्या सिस्टर चहा पीत उभ्या होत्या. बसलं की उठता येत नाही म्हणून त्या बसतच नाहीत. त्यांना विचारलं.
"मला युनियन नको नि मॅनेजमेंट नको," त्या म्हणाल्या. "पेशंट उचलताना कुणीतरी पायाकडून धरा. खांदे मी धरते."

मुद्दा अगदीच छोटा केला त्यांनी. मी अर्जात तो मोठा करीन.

१० जून
अर्ज तयार. भाषा उत्तम उतरली आहे. घोडं अडलंय पहिल्या सहीवर. पहिली सही करणाऱ्याचं पुढे काय होतं ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

पहाटे आंघोळ करताना सुचलं! सह्या गोलात घ्यायच्या. ड्रेसिंगच्या ड्रमचं झाकण कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली. गोलाला सुरुवात नाही, शेवट नाही. कोण पहिलं, हे मॅडमच्या बापालाही कळणार नाही.

बायकोला दाखवलं. तिने विचारलं, तुमची सही यात कुठे? म्हटलं, गोलात असा प्रश्नच येत नाही. ती म्हणाली, पण अजून केलेली नाही ना. तिला संघटनेतलं काही कळत नाही.

१२ जून
अकरा सह्या! मोठ्या सिस्टरांनी दोन वाजून पाच मिनिटांनी करूनही टाकली, अर्ज वाचलासुद्धा नाही. म्हणाल्या, तू लिहिलंयस ना, मग झालं. मी सहा पन्नासला केली, सगळ्यांत शेवटी. आधी इतरांना संधी द्यावी.

१४ जून
अर्ज दिला. म्हणजे मॅडम जेवायला गेल्या असताना त्यांच्या टेबलावर ठेवला. समोर उभं राहून दिला असता तर त्यांना अवघडल्यासारखं झालं असतं.

१७ जून
एक बारीकशी चूक झाली.

आम्हा नर्सेसच्या हाताला वळण आहे. सही केली की खाली वेळ पडतेच. वेळ नसलेली सही धरायची नाही, हे नव्या मुलींना मीच शिकवतो. अकराच्या अकरा जणांनी वेळ घातली आहे. मॅडमनी म्हणे दोन मिनिटांत क्रमवार यादी केली. पहिलं नाव मोठ्या सिस्टरांचं.

त्यांची इंजेक्शन रूम रद्द.

मला साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले, चहा दिला. शेजारी बसलेल्या मॅडम म्हणाल्या, तुमची सही सर्वांत शेवटची, म्हणजे दबावाखाली केलेली दिसते. खरं सांगणार होतो, पण तोंडात चहा होता. गिळेपर्यंत विषय पुढे गेला होता. मला कर्मचारी सुविधा समितीवर घेतलं आहे. बाहेरून आरडाओरडा करण्यापेक्षा आत बसून काम होतं, असं माझं पूर्वीपासूनच मत असणार.

सुरुवात माझी होती, हे मॅडमना सांगायचं आहे. उद्या.

१८ जून
वर गेलो होतो, मोठ्या सिस्टरांशी बोलायला. त्या एकट्याच एका आजींना उशीकडे सरकवत होत्या. हात लावणार तेवढ्यात खाली बेल वाजली. वाजल्यासारखी वाटली.

२४ जून
विजय! समितीची पहिली बैठक: साहेब, मॅडम, मी. दुसरी नर्स एकमताने मंजूर. नवं रोस्टर जागच्या जागी तयार झालं. पुरुष वॉर्ड: पहिला मी, मोठ्या सिस्टर दुसऱ्या. महिला वॉर्ड: पहिल्या मोठ्या सिस्टर, दुसरा मी.

वाचताना कुठेतरी खटकलं. साहेब म्हणाले, मोजून घ्या. मोजलं. प्रत्येक वॉर्डात दोन भरले. सही केली, ११.४०.

घरी सांगितलं. बायकोने विचारलं, तुम्ही वर असताना खाली कोण? म्हटलं, हा तांत्रिक भाग झाला. ती भाजी वाढून आत गेली.

२ जुलै
जिन्याला बेचाळीस पायऱ्या आहेत. आज अकरा वेळा. वर पोचलो की खाली बेल, खाली पोचलो की वर.

चार वाजता मधल्या वळणावर मोठ्या सिस्टर भेटल्या. त्या माझ्या दुसऱ्या व्हायला खाली निघाल्या होत्या आणि मी त्यांचा दुसरा व्हायला वर. कठड्याला धरून उभ्या होत्या. जिन्यात दोघं, दोन्ही वॉर्डांत कुणी नाही.
"ब्रदर," त्या म्हणाल्या, "सही वाचून केलीस ना रे?"
सुधारणा हळूहळू होतात, असं काहीतरी म्हणालो. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

संकल्प: पुढच्या बैठकीत तोंड उघडायचं. काहीही होवो.

९ जुलै
बैठक. विषय एकच: ड्यूटीच्या वेळेत जिन्यात गप्पा मारणारे कर्मचारी. मी निषेध म्हणून गप्प राहिलो. सगळ्यांच्या तो लक्षात आला असावा.

११ जुलै
मोठ्या सिस्टर पडल्या. चौदा नंबरच्या आजींना एकट्याने उचलताना. आजींना खरचटलंही नाही, त्यांना वरच्यावर धरूनच या खाली बसल्या आणि मग उठल्याच नाहीत.

त्याआधी दोनदा बेल वाजली होती. मी खाली सलाईन बदलत होतो.

नव्हतो. सलाईन बदलून झालं होतं. खुर्चीवर बसलो होतो, पाय उचलत नव्हते. म्हटलं, तिसऱ्यांदा वाजली की जाऊ.

मला फार वाईट वाटतं आहे. हे खोडायचं नाही.

१३ जुलै, दुपारी
महिला वॉर्ड, खाट नऊ: मोठ्या सिस्टर. पूर्ण आराम, दर दोन तासांनी कूस बदलणे. त्यांच्या जागी माणूस मिळेपर्यंत वर आणि खाली मीच. रोस्टर महिनाअखेरीशिवाय बदलत नाही. मॅडमना विचारलं होतं. खरंच विचारलं, समोर उभं राहून. त्या म्हणाल्या, सही तुमचीच आहे.

चार वाजता त्यांची कूस बदलायची होती.
"एकटा उचलू नकोस रे, कंबर जाईल," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याला बोलाव."
बोलावलंय, येतोय, असं सांगितलं. दारात जाऊन उभा राहिलो. पॅसेजमध्ये कुणी नव्हतं, असणार तरी कोण. दोन मिनिटांनी परत आलो आणि एकट्यानेच खांदे धरले, मग पाय, मग पुन्हा खांदे. त्यांना लागलं. ओठ दाबून राहिल्या.

तक्ता भरला. पहिल्या रकान्यात सही केली. दुसऱ्यापाशी पेन थांबलं. त्या उशीवरून बघत होत्या. म्हणाल्या, कोरा ठेवलास तर मेमो देतील तुला.
"रोस्टरवर अजून माझं नाव आहे ना?" त्यांनी विचारलं.
मी हो म्हटलं. त्यांनी हात पुढे केला. मी पॅड धरलं. त्यांनी पडल्या पडल्या दुसऱ्या रकान्यात सही केली, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वळवता येईना म्हणून मला विचारलं आणि खाली वेळ घातली. ४.१०.