पार्श्वभूमीत आवाज आहे, पुन्हा बोला

४ एप्रिल, शनि.
आज पहिलं रेकॉर्डिंग. हॉस्पिटलातल्या स्पीचवाल्या मॅडमनी तीनशे वाक्यं दिलीत. नसीमने वाचायची, मी कॉम्प्युटरवर भरायची. त्यावरून तिच्यासारखा आवाज तयार होणार. मग ती मोबाईलवर टाईप करील आणि मोबाईल तिच्या आवाजात बोलेल. ऑपरेशन २९ला. स्वरयंत्र पूर्ण काढणार.
हे वाक्य आज पहिल्यांदा लिहिलं.
न.ने चाळीस वाक्यं वाचली. चाळीसच्या चाळीस लाल. प्रत्येकाखाली तेच, ‘पार्श्वभूमीत आवाज आहे. पुन्हा बोला.’
हेडफोन लावून ऐकलं. तिच्या आवाजाखाली घूंऽऽ. ती थांबते, ते थांबत नाही.
न. म्हणाली, “फॅक्टरीतलं मशीन आणून ठेवलंय का टेबलाखाली?”

५ एप्रिल, रवि.
पंखा बंद, फ्रिज बंद, ट्यूब बंद, इन्व्हर्टर बंद. घूं चालूच. माईकची पिन पुढून काढून मागे लावली. तेच. सेटिंगमध्ये माईकचा जोर कमी केला, तर न.चा आवाज बसला आणि घूं होती तिथेच.
दुपारपासून शेजारच्या बंगल्यावर मुंबईकरांचा डीजे. सबंध कुसगावला ऐकू जाईल एवढा. रेकॉर्डिंग बंद. न. खिडकीत उभी राहून त्याच गाण्यावर गुणगुणत होती. मी कॉम्प्युटरचे ड्रायव्हर अपडेट करत बसलो होतो.

७ एप्रिल, मंगळ.
पहिली पाळी. नवलाख उंबऱ्याच्या फॅक्टरीतून घरी यायला पाच वाजले. सव्वीस वर्षं मेंटेनन्सला आहे. मशीनला स्क्रू-ड्रायव्हर टेकवायचा, मूठ कानाला लावायची, कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचं. त्यावर नाव कमावलं. आणि घरातला हा कॉम्प्युटरचा पत्र्याचा डबा दाद देत नाही.
परत तीच चाळीस. परत लाल.

९ एप्रिल, गुरु.
वाक्य १७, ‘आज बाजारात भेंडी चांगली मिळाली.’ न.ने आज पाच वेळा वाचलं. पाचव्यांदा ‘मिळाली’ अर्धं हवेतच गेलं. पाणी प्यायली, म्हणाली, “अजून एकदा?”
मी हो म्हटलं.

१० एप्रिल, शुक्र.
पाळी आणि जुम्म्याची नमाज उरकून आलो तर न. कॉम्प्युटरशी बसलेली. म्हणाली, “या डब्याला हात लावला की मुंग्या येतात. पहिल्या दिवसापासून येतात.”
“मग सांगितलं का नाही?”
“तुम्ही विचारलं नाही.”
तिला हात ठेवायला लावला आणि हेडफोनमध्ये ऐकलं. घूं बदलते! टेस्ट लॅम्प काढला. फेज-न्यूट्रल, पेटला. फेज-अर्थ, अंधार. घराला अर्थिंगच नाही. लोकांच्या घरी जाऊन मी हे तपासतो. स्वतःच्या घरी...

१२ एप्रिल, रवि.
अर्थिंगचा खड्डा सापडला. गेल्या वर्षी मीच अंगणात ब्लॉक बसवून घेतले, त्याखाली गेला होता. वायर गंजून तुटलेली, माती ठणठणीत कोरडी. फोडायला बसलो तर कुंपणापलीकडून बबनआबा, “आरं सलीम, नव्या फरश्या कशापायी फोडतुयास?”
सांगितलं.
“बाईंचा आवाज मशिनीत भरायचाय व्हय? मंग थांब.” घरी जाऊन खडेमीठ आणि कोळशाचं पोतं घेऊन आले. पाणी ओतू लागले. मधेच म्हणाले, “माज्या तिन्ही पोरी बाईंच्या हाताखाली शिकल्या. काय खणखणीत आवाज. शाळेतनं पार रस्त्यापतूर यायचा.” कळशी रिकामी झाली तरी वाकडी धरून उभे.
नवी वायर ओढली. लॅम्प लख्ख पेटला.

१३ एप्रिल, सोम.
चाळीसपैकी बावीस हिरवी!! न.ने टाळ्या वाजवल्या. शेवयांची खीर केली.

१५ एप्रिल, बुध.
पुढच्या चाळीसपैकी फक्त चार. मोठी घूं गेली, तर तिच्याखाली दडलेलं ऐकू येतंय. बारीक किर्रऽ. माऊस हलवला की किरकिरतं, थांबवला की कमी. पण माऊस न हलवता वाक्य सुरू कसं करणार?
हिनाचा नाशिकहून फोन. “अब्बा, तो जुना माईक फेका. मी यूएसबीचा पाठवते. दोन दिवसांत येईल.”
म्हटलं नको. सापडत आलंय.

१८ एप्रिल, शनि.
सापडलं नाही. तीन दिवस. कॅबिनेट उघडलं, पुसलं, वायरी लांब बांधल्या, मेमरी काढून परत बसवली. किर्र आहेच. न.चा घसा दुपारनंतर पूर्ण बसतो आता. सकाळी तासभर बरा असतो आणि मी तेव्हा कामावर.
हिनाला फोन केला. पाठव म्हटलं. ‘आज टाकते’ म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

२१ एप्रिल, मंगळ.
रजा टाकली. माईक काल आला. सकाळी सातला लावला. हेडफोनमध्ये काही नाही. काहीच नाही. पहिल्यांदा कळलं घर किती शांत आहे. न.चा श्वास ऐकू येत होता.
तिने पहिलं वाक्य वाचलं. लाल.
खाली नवीन ओळ, ‘आवाज स्पष्ट नाही. पुन्हा बोला.’
पुन्हा बोलली. लाल. दहा वाक्यं, दहाही लाल. मी हेडफोन काढले नाहीत. तिच्याकडे बघायचं नव्हतं.

२२ एप्रिल, बुध.
मॅडमना फोन. “निदान दीडशे चांगली लागतात हो.” आमची सव्वीस. म्हणाल्या, “जुनी, घरघरवाली पण पाठवा. साफ करून बघतात. पण खात्री नाही.” सगळं पाठवलं.
पहिल्या आठवड्यात आवाज होता तर माईक नव्हता. मी ‘अजून एकदा, अजून एकदा’ म्हणत तो खरवडून काढला.
हे न.ला बोललो. ती म्हणाली, “आजारानं गेला. तुमचं एवढं चालत असतं तर मशीन नसतं का दुरुस्त झालं?”
हसवायला म्हणाली. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

२३ एप्रिल, गुरु.
न.ने वाक्यांचे कागद कपाटात टाकले. “आता वाचणार नाही. राहिलेत सहा दिवस. मला बोलायचंय.”
“कशाबद्दल?”
“कशाबद्दलही. तुम्ही तीन आठवडे टेबलाखाली आहात. तुमची पाठ बघून कंटाळले.”
ओट्यावर बसलो. मी मोबाईल काढला, चालू करून मधे ठेवणार होतो. तिने उचलून आत नेऊन ठेवला.
दहापर्यंत बोलली. थांबत थांबत, कुजबुज. पहिली नेमणूक शिरगावची, तिथली एक मुलगी गृहपाठ नसला की मंदिरात जाऊन बसायची, ही तिला शोधत गर्दीत शिरायची. पुजारी तिला ओळखायला लागलेले. आमचं लग्न ठरलं तेव्हा मी तिला आवडलो नव्हतो. “एक शब्द बोलला नाहीत. वाटलं, याच्यासोबत मलाच दोघांचं बोलावं लागणार.”
कुठेही भरलेलं नाही. आठवतंय तेवढं लिहिलं. सगळं आठवत नाही.

२९ एप्रिल, बुध.
आत नेताना म्हणाली, “माझ्या चपला आत ठेवा. बाहेर कुणी नेईल.”
सहा तास लागले. डॉक्टर म्हणाले, सगळं निघालं.

१० मे, रवि.
घरी आणलं. गळ्याला भोक, त्यातून श्वास. साफ करायला नर्सने शिकवलंय, दिवसातून चार वेळा. मला दोनदा करावं लागतं, तिला एकदाच. बबनआबा भेटायला आले. दारात उभे राहून “बाई...” म्हणाले आणि परत फिरले. न.ने वहीवर लिहून मला दाखवलं, ‘त्यांना चहा तरी विचारायचा.’
शेजारी डीजे. तिने कानात कापूस घातला.

१४ मे, गुरु.
मॅडमकडून काही नाही. तिला हाक मारली की ती येते. ती मला हाक मारू शकत नाही, ताटावर चमचा वाजवते. तो वाजला की मी दचकतो. तिला दिसतं ते.

१९ मे, मंगळ.
मॅडमचा मेसेज. ‘आवाज तयार केलाय. पुरेसं रेकॉर्डिंग नव्हतं, कसा वाटतो ते कळवा.’ खाली एक फाईल. अकरा सेकंद.
न.ला दाखवला. तिने तो पुन्हा पुन्हा वाचला. मग वहीवर लिहिलं, ‘आधी तुम्ही ऐका. मी वाटले तर मला ऐकवा.’
हेडफोन लावलेत. ती समोर खुर्ची ओढून बसलीय. स्क्रीनकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघतेय. म्हणून आधी हे लिहून काढतोय.
अजून प्ले दाबलेलं नाही.